रूप आणि इतिहास : कुमार शहानी यांची चित्रपटसाधना

१

१९७२ हे वर्ष तीन कलाकृतींमुळे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी हंगेरियन दिग्दर्शक मिक्लोश यांचो यांच्या 'रेड साम' या चित्रपटासाठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले. तीसहून कमी प्रदीर्घ चित्रणखंडांत रचलेल्या या चित्रपटात शेतमजुरांचे बंड हे नृत्य, गाणे आणि मिरवणूक यांच्या रूपाने घडते. त्याच वर्षी पुण्यात विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आले आणि ब्राह्मणांच्या रांगेने मानवी पडदा होऊन झुलता झुलता पेशवाईतील सत्तेचे व्यवहार झाकले आणि उघडे केले. आणि त्याच वर्षी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्याने कुमार शहानी यांचा 'माया दर्पण' पूर्ण झाला. या तीन कृतींपैकी शेवटच्या दोहोंना भास्कर चंदावरकरांचे संगीत होते, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. समूहाची हालचाल, लय आणि विधी यांच्याद्वारे इतिहासाचा अर्थ लावता येतो, ही जाणीव तिन्ही कृतींच्या मुळाशी आहे.

तथापि या तिघांचे पुढील भाग्य सारखे नव्हते. यांचोंना जागतिक कीर्ती लाभली. 'घाशीराम'भोवती वाद माजला, पण त्या वादानेच त्याला प्रेक्षक मिळवून दिला. 'माया दर्पण'च्या वाट्याला मात्र एक विशेषण आले : 'रूपवादी'. हे विशेषण शहानींना अखेरपर्यंत चिकटून राहिले. मराठी समीक्षेत 'रूपवाद' हा शब्द बहुधा आरोपाच्या स्वरात उच्चारला जातो आणि त्याच्या समोर 'सामाजिक बांधिलकी' किंवा 'मार्क्सवाद' असे पद उभे केले जाते. कलावाद आणि जीवनवाद या जुन्या द्वंद्वाचाच हा उत्तरावतार होय. शहानी यांचे जीवन आणि कार्य या द्वंद्वाच्या बुडाशी असलेल्या गृहीतकालाच आव्हान देते. मार्क्सवादी इतिहासदृष्टीचा हा कलावंत रूपाच्या प्रश्नाकडे वळला तो त्या दृष्टीमुळेच. हा संबंध कसा घडला आणि कोठवर टिकला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

कुमार शहानी यांचा जन्म ७ डिसेंबर १९४० रोजी सिंधमधील लारकाना येथे झाला. मोहेंजोदडोचे अवशेष याच परिसरातले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले. सात वर्षांच्या वयात गाव, भाषा आणि नदी यांना मुकलेल्या मुलाच्या मनात भूतकाळाविषयी कोणती ओढ निर्माण झाली असेल, याविषयी तर्क करण्याचे कारण नाही. मात्र पुढे ज्या दोन गुरूंकडे तो आकृष्ट झाला त्या दोघांचाही मुख्य प्रश्न तुटलेल्या परंपरेचाच होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. मुंबई विद्यापीठातील शिक्षण संपवून ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तेथे १९६०च्या दशकाच्या मध्यास ऋत्विक घटक काही काळ उपप्राचार्य होते. मणी कौल आणि जॉन अब्राहम हेही त्यांचे विद्यार्थी.

घटक हे पूर्व बंगालच्या फाळणीचे कलावंत. त्यांच्या चित्रपटांत निर्वासित स्त्री ही एकाच वेळी कुटुंबातील कमावती मुलगी असते आणि मातृदेवतेचे आदिरूपही असते. मेलोड्रामा, लोकगीत, राग आणि कर्कश ध्वनी यांची सरमिसळ करून ते वर्तमानातील प्रसंगामागे प्राचीन स्मृतीची छाया उभी करीत. शहानींनी घटकांकडून जे घेतले ते हे की, पुराणकथा ही अलंकार म्हणून वापरावयाची वस्तू नव्हे. ती समाजाच्या देहात अद्याप जिवंत असलेली शक्ती आहे आणि म्हणून धोकादायकही आहे.

दुसरे गुरू दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेला हा गणिती, नाणकशास्त्रज्ञ आणि इतिहासकार पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत असे. कार्ले-भाजे येथील लेणी, दख्खनच्या घाटवाटा, महापाषाणीय अवशेष, गावकुसाबाहेरील शेंदूर माखलेल्या देवी या साऱ्यांचा माग घेऊन त्यांनी 'मिथ अँड रिअॅलिटी' (१९६२) हा ग्रंथ सिद्ध केला. भारतीय समाजात इतिहासाच्या निरनिराळ्या अवस्था एकाच वेळी शेजारी शेजारी नांदतात, नांगराच्या संस्कृतीलगतच अश्मयुगीन विधी चालू असतो, हे त्यांचे प्रतिपादन. पंढरीच्या वारीच्या मार्गांचा संबंध त्यांनी प्रागैतिहासिक पशुपालकांच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या भ्रमंतीशी जोडून पाहिला. ग्रंथालयातील कागद आणि रानातील दगड या दोहोंना एकाच वाचनपद्धतीखाली आणणारी ही दृष्टी होती. २९ जून १९६६ रोजी कोसंबींचे पुण्यात निधन झाले. शहानींना लाभलेला सहवास अल्प होता, पण त्यातून मिळालेला प्रश्न आयुष्यभर पुरला. काळाचे अनेक थर जर एकत्र नांदत असतील, तर एकरेषीय कथानक त्यांना कसे पेलणार?

हा प्रश्न रूपाचा आहे. परंतु तो सौंदर्यशास्त्रातून उद्भवलेला नाही, इतिहासलेखनातून उद्भवलेला आहे. शहानींवरील 'रूपवादा'च्या आरोपात नेमके हेच निसटते.

३

फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून शहानी पॅरिसच्या चित्रपटशिक्षणसंस्थेत गेले. १९६८च्या मे महिन्यातील विद्यार्थी-कामगारांच्या उठावात ते सहभागी होते. त्याच सुमारास रोबेर ब्रेसाँ यांच्या 'युन फाम दूस' (१९६९) या चित्रपटासाठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. दस्तयेवस्कीच्या कथेवरील हा ब्रेसाँचा पहिला रंगीत चित्रपट. नटाने भावना 'दाखवू' नये, वस्तू, हात, पावले आणि ध्वनी यांनीच अर्थ वाहावा, ही ब्रेसाँची शिस्त. घटकांचा उद्रेक आणि ब्रेसाँचा संयम यांचा मेळ बसणे अवघड होते. शहानींचे चित्रपट या दोन टोकांमधील ताणावर उभे आहेत.

निर्मल वर्मा यांच्या कथेवरील 'माया दर्पण' या पहिल्या दीर्घपटात हा ताण प्रथम दिसतो. स्वातंत्र्योत्तर काळातील एका लहान गावात, ओसरत चाललेल्या सरंजामी हवेलीत, वडील आणि विधवा आत्या यांच्यासमवेत राहणारी तरन ही अविवाहित तरुणी. भाऊ घर सोडून आसामात गेला आहे. गावात नवे प्रकल्प उभे राहात आहेत. कथा म्हणावी तर एवढीच. चित्रपट घडतो तो तरनच्या येरझाऱ्यांत : हवेलीच्या ओवऱ्यांतून, गावाबाहेरील मोकळ्या माळावरून. के. के. महाजन यांच्या छायालेखनात रंग हा मनःस्थितीचे प्रतिबिंब म्हणून येत नाही. तो संगीतातील स्वराप्रमाणे योजला जातो, परततो, दुसऱ्या रंगाशी भिडतो. अखेरीस छाऊ नृत्याचा आवेग येतो आणि इतका वेळ आवरून धरलेली ऊर्जा देहांत उसळते.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रचना समजण्यास अडचण पडू नये. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीची घटना होते, असे मर्ढेकर मानीत. 'माया दर्पण'ची बांधणी या परिभाषेत सहज वर्णिता येते. तथापि मर्ढेकरांच्या विचारात लय ही कलाकृतीच्या अंतर्गत राहते, लौकिक अर्थाचे तिच्याशी नाते दुय्यम ठरते. शहानींच्या बाबतीत लयीचे घटकच ऐतिहासिक आहेत. तरनच्या चालण्याची गती ही सरंजामी घरातील स्त्रीच्या रिकाम्या वेळेची गती आहे. हवेली आणि माळ यांतील विरोध हा दोन उत्पादनव्यवस्थांमधील विरोध आहे. लय येथे इतिहासाचा दाखला बनते.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. प्रेक्षक मिळाले नाहीत. १९७४ साली सत्यजित राय यांनी समकालीन नव्या चित्रपटांचा परामर्श घेताना 'माया दर्पण' आणि मणी कौल यांचा 'दुविधा' यांच्यावर कठोर टीका केली. रायांचा आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नव्हता. व्यक्तिरेखेचे मानवी तपशील हेच चित्रपटाचे प्राणतत्त्व असे मानणाऱ्या कलावंताला शहानींची पात्रे निष्प्राण वाटणे स्वाभाविकच. मतभेद कौशल्याविषयी नव्हता, वास्तव कोठे वसते याविषयी होता. रायांच्या मते ते व्यक्तीच्या अनुभवात वसते. शहानींच्या मते व्यक्तीला घडवणाऱ्या, पण व्यक्तीला न दिसणाऱ्या संबंधांत.

४

यानंतर बारा वर्षे शहानींना दीर्घपट करता आला नाही. यांचोंशी तुलना येथे उद्बोधक ठरते. यांचोंनीही तरुणपणी कायद्याबरोबर लोकजीवनशास्त्राचे शिक्षण घेतले होते. हंगेरीच्या सपाट माळावर घोडेस्वार, कैदी, शेतकरी आणि सैनिक यांची वर्तुळाकार हालचाल आणि तिच्याभोवती फिरणारा कॅमेरा यांतून त्यांनी सत्तेचे व्याकरण मांडले. 'द राउंड-अप' (१९६६) मध्ये १८४८च्या क्रांतीनंतरच्या दडपशाहीची कथा आहे. तीत १९५६चे हंगेरी ओळखू येते. लोकविधीतून राजकीय रूप घडवण्याचा हा मार्ग शहानींच्या मार्गाला समांतर आहे. परंतु यांचोंच्या पाठीशी शासकीय स्टुडिओंची यंत्रणा होती. १९६५ ते १९७४ या काळात त्यांनी जवळजवळ दरवर्षी एक चित्रपट केला. शैली ही सरावातून परिपक्व होते. शहानींना तो सराव नाकारला गेला. शिवाय १९७६ साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने व्यावसायिक यशाची शक्यता नसलेल्या चित्रपटांना पैसा पुरवल्याबद्दल फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनवर ठपका ठेवला. प्रयोगाचा एकमेव सार्वजनिक आधारच त्यामुळे डळमळीत झाला.

त्याच वर्षी पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने 'घाशीराम कोतवाल' पडद्यावर आणला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांचा या सामुदायिक दिग्दर्शनात वाटा होता. पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याशी, वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या काठी ज्याचा वाडा आणि घाट आजही उभा आहे त्या नाना फडणविसाला या चित्रपटाने व्यक्ती म्हणून न पाहता राज्ययंत्रणेची खूण म्हणून पाहिले. मराठी भाषेत महाकाव्यात्म चित्रपटाची शक्यता निर्माण झाली ती येथे. पण मराठी चित्रपटाने ती वाट पुढे चालवली नाही, आणि मराठी समीक्षेने नाटकावर जेवढे लिहिले त्याच्या अल्पांशानेही चित्रपटावर लिहिले नाही.

शहानींनी ही बारा वर्षे अभ्यासात घालविली. होमी भाभा फेलोशिपच्या निमित्ताने १९७६ ते १९७८ या काळात त्यांनी महाभारत, बौद्ध शिल्पकला, अभिजात संगीत आणि भक्तिचळवळ यांचा अभ्यास केला. या अभ्यासाचे सूत्र 'महाकाव्यात्म रूप' हे होते. ब्रेख्तने 'एपिक' या संज्ञेने प्रेक्षकाला भावविवशतेपासून दूर नेऊन विचारास प्रवृत्त करणारी रचना सूचित केली होती. शहानींनी या संज्ञेला भारतीय परंपरेचा संदर्भ दिला. उपाख्यानांच्या योगे विस्तारणारी कथा, सांगणारा व ऐकणारा यांची सतत जाणीव, आणि कोणत्याही एका पात्राच्या दृष्टिकोनाला अंतिम न मानणारी दृष्टी ही महाभारताची लक्षणे त्यांना चित्रपटाच्या रचनेसाठी उपयुक्त वाटली.

मराठीत महाभारताची पुनर्वाचने समृद्ध आहेत. दुर्गाबाई भागवतांचे 'व्यासपर्व', इरावती कर्वे यांचे 'युगान्त' ही त्यांतील ठळक उदाहरणे. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' ही तर मिथकाधारित कादंबरीचा आदर्शच मानली गेली. परंतु या वाचनांचा, विशेषतः कादंबरीचा, कल मिथकातील पात्रांना आधुनिक मन बहाल करण्याकडे आहे. ययातीची वासना ही आजच्या माणसाची वासना म्हणून ओळखीची होते. शहानी उलट दिशेने जातात. त्यांच्या चित्रपटांत आजच्या माणसाच्या मनाखाली असलेला, त्याला स्वतःला अपरिचित असलेला मिथकाचा थर उघडा पडतो.

५

'तरंग' (१९८४) हा या चिंतनाचा परिपाक. जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात श्रीराम लागू, अमोल पालेकर, स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, ओम पुरी यांच्या भूमिका आहेत. नामांकित नटांचा हा संच पाहून प्रेक्षकाची जी अपेक्षा होईल ती चित्रपट प्रथम पुरवतो आणि नंतर मोडतो. मुंबईतील एका उद्योगपतीचे घराणे. वृद्ध शेठजी, परदेशी भांडवलाशी संधान बांधू पाहणारा त्यांचा नातलग, आणि देशी उद्योगाचे स्वप्न पाहणारा महत्त्वाकांक्षी जावई राहुल. दुसऱ्या बाजूस कामगार, त्यांच्या संघटना आणि त्यांतील फूट. या दोन जगांच्या मधोमध जानकी ही मृत कामगाराची विधवा. ती मूल सांभाळण्यासाठी मालकाच्या घरी येते, राहुलशी तिचा संबंध येतो, राहुलची पत्नी हंसा हिचा मृत्यू होतो आणि जानकी घराबाहेर फेकली जाते.

इथवरचे कथानक कौटुंबिक मेलोड्रामाचे आहे आणि शहानींना ते तसेच हवे आहे. मेलोड्रामा हे घटकांचे आणि मुंबईच्या चित्रपटांचेही रूप. अखेरीस मात्र पुलावर राहुल आणि जानकी समोरासमोर येतात आणि त्यांच्या संवादाचा स्तर एकाएकी बदलतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरूरवा-उर्वशी संवाद त्यांच्या मुखी येतो. या सूक्ताचे कोसंबींनी केलेले वाचन येथे आधारभूत आहे. कालिदासाच्या नाटकात या कथेला प्रेमकथेचे आणि सुखान्ताचे रूप आले. कोसंबींच्या मते मूळ सूक्त हे एका विधीचे अवशिष्ट संवाद आहेत. मातृदेवतेची प्रतिनिधी असलेल्या स्त्रीशी समागमानंतर पुरुषाचा बळी द्यावयाचा असतो. पुरूरवा प्राणांची याचना करतो आणि उर्वशी ती नाकारते. पितृसत्तेने ज्या व्यवस्थेला गाडले तिची आठवण या नकारात टिकून आहे.

जानकीचा नकार या पार्श्वभूमीवर ऐकावयाचा आहे. राहुलच्या हाती आता सत्ता आहे आणि त्याला जानकीही हवी आहे. कथानकाच्या पातळीवर ती पराभूत, परित्यक्त स्त्री आहे. महाकाव्याच्या पातळीवर याचक तो आहे. भांडवलदाराच्या विजयाच्या क्षणी इतिहासाचा एक खोल थर वर येतो आणि तो विजय तात्पुरता ठरवतो. कोसंबींचा शोधनिबंध चित्रपटाच्या रूपात इतक्या समर्थपणे उतरल्याचे दुसरे उदाहरण भारतीय चित्रपटात दाखवणे कठीण.

तरीही एक प्रश्न उरतो. उर्वशी होताना जानकीचे काय होते? कामगाराची विधवा, मोलकरीण, रस्त्यावर आलेली स्त्री म्हणून तिला ज्या विशिष्ट अन्यायांना सामोरे जावे लागले ते देवतेच्या तेजात विरून जात नाहीत काय? दडपल्या गेलेल्या स्त्रीला आदिशक्तीचे पद देऊन तिच्या दैनंदिन दास्याची भरपाई करणे ही पुरुषी परंपरेची जुनीच रीत आहे. घटकांच्या नायिकांविषयीही हा आक्षेप घेता येतो. शहानींच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, त्यांची उर्वशी वरदायिनी नाही. ती नकार देऊन निघून जाते. स्मिता पाटील यांच्या अभिनयातील कोरडेपणाही दैवतीकरणाला अटकाव करतो. पण पुलावरील त्या झेपेत आणि आधीच्या दोन-अडीच तासांच्या वास्तवात जे अंतर राहते ते पूर्णपणे सांधले जात नाही, हेही मान्य करावे लागते.

६

'ख्याल गाथा' (१९८९) मध्ये हे अंतरच नाहीसे होते, कारण तेथे वास्तववादी कथानकाची अटच नाही. ख्याल गायकीचा इतिहास हा या चित्रपटाचा विषय. पण येथे ना चरित्रे आहेत, ना निवेदकाची माहिती. संगीताचा एक विद्यार्थी काळाच्या दालनांतून फिरतो आणि मानसिंग तोमर, रूपमती-बाजबहाद्दूर, हीर-रांझा यांच्या कथा बंदिशींसारख्या उलगडत, एकमेकींत मिसळत जातात. ख्यालात जसा एका मुखड्याभोवती विस्तार होतो आणि समेवर येऊन पुन्हा नवा आरंभ होतो, तशी प्रसंगांची रचना आहे. १९९० साली रॉटरडॅम महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघाचे पारितोषिक मिळाले.

चित्रपटातील गायन ग्वाल्हेर परंपरेचे आहे. कृष्णराव शंकर पंडित, शरच्चंद्र आरोलकर, जाल बालापोरिया, नीला भागवत ही नावे मराठी श्रोत्याला परकी नाहीत. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे. त्यांच्याकडेच मिरजेस विष्णु दिगंबर पलुस्करांनी शिक्षण घेतले. मिरज, औंध, इचलकरंजी या संस्थानांच्या आश्रयाने वाढलेल्या या विद्येने पुढे राजाश्रय सोडून सभागृहांचा आणि विद्यालयांचा रस्ता धरला. 'ख्याल गाथा' मिरजेचे नाव घेत नाही. परंतु दरबार, लोककथा, घराणे आणि शिष्य यांमधून संगीताचे जे संक्रमण तो दाखवतो त्याचाच एक अध्याय कृष्णेच्या खोऱ्यात घडला. मराठीत संगीतावरील लेखन विपुल आहे, पण त्याचा भर गवय्यांच्या आठवणींवर. संगीताच्या रूपातच इतिहास साठलेला असतो, मिश्रणाचा आणि स्थलांतराचा, ही 'ख्याल गाथे'ची दृष्टी त्या लेखनाला पूरक ठरावी अशी आहे.

यानंतरच्या दशकात शहानींनी तुलनेने सातत्याने काम केले. चेखवच्या 'इन द रॅव्हिन' या कथेवरील 'कस्बा' (१९९०) हा कांगडा खोऱ्यात घडतो. भेसळ आणि लबाडी यांवर पोसलेले व्यापारी कुटुंब आणि त्याचा कारभार ताब्यात घेणारी सून तेजो. निसर्गाची चित्रमय शांतता आणि घरातील पैशाची हिंस्र गती यांचा विरोध येथे 'माया दर्पण'मधील हवेली-माळाच्या विरोधाची आठवण देतो. पण आता हात सरावलेला आहे. तेजोला देवता व्हावे लागत नाही. तिची क्रूरता आणि तिची बुद्धी ही दोन्ही तिच्या परिस्थितीतूनच येतात. 'तरंग'ने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हे एक उत्तर मानता येईल. 'भावांतरण' (१९९१) हा केलुचरण महापात्र यांच्या ओडिसी नृत्यावरील चित्रपट देहाच्या स्मृतीचा शोध घेतो. 'चार अध्याय' (१९९७) मध्ये रवींद्रनाथांची १९३४ सालची कादंबरी आहे. राष्ट्राच्या नावाने होणाऱ्या हिंसेत व्यक्तीचे प्रेम आणि विवेक कसे चिरडले जातात, हा तिचा विषय. १९९२ नंतरच्या भारतात तो निवडण्यामागचा हेतू उघड आहे. १९९८ साली शहानींना नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला. पुढील काळात त्यांच्या हातून लघुपट आणि माहितीपट झाले, दीर्घ कथापट झाला नाही. त्यांचे निबंध 'द शॉक ऑफ डिझायर' या नावाने २०१५ साली आशिष राजाध्यक्ष यांच्या संपादनाखाली ग्रंथरूप झाले. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले.

७

अर्धशतकाच्या कारकिर्दीत मोजकेच दीर्घपट. त्यांतील बहुतेक सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचलेच नाहीत. इतिहासातून जनतेची सर्जनशक्ती शोधणाऱ्या कलावंताची कला जनतेला अपरिचित राहावी, हा या कारकिर्दीतील सर्वांत मोठा अंतर्विरोध आहे. तो केवळ वितरणव्यवस्थेच्या माथी मारून चालणार नाही. कीर्तन, तमाशा, दशावतार यांचा प्रेक्षक आख्यान थांबवून केलेले निरूपण, गाणे आणि सोंग यांना सरावलेला आहे. महाकाव्यात्म रूप त्याला दुर्बोध वाटू नये. शहानींची संयत, सूक्ष्म संदर्भांनी भारलेली भाषा मात्र त्या प्रेक्षकाशी पुरेसा संवाद साधू शकली नाही. यांचोंच्या चित्रपटांतील सामूहिक गाण्याची हाक तीत क्वचितच ऐकू येते.

पण समीक्षेने विचारावयाचा प्रश्न याहून वेगळा आहे. रूप म्हणजे आशयावर चढवलेला साज असे मानले की 'रूपवाद' हा आरोप होतो. कोसंबींनी शेंदूर फासलेल्या दगडाकडे पाहिले तेव्हा त्यांना त्याच्या जागेत, आकारात आणि त्याभोवतीच्या विधीत इतिहास लिहिलेला दिसला. त्या दगडाला रूपापासून वेगळा करता येईल असा आशय नव्हता. शहानींनी चित्रपटाकडे त्याच नजरेने पाहिले. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्याला आपण कोणत्या प्राचीन गुराख्यांच्या पायवाटेवरून जात आहोत हे ठाऊक नसते. पावलांची लय मात्र ती वाट जपून ठेवते. 'माया दर्पण'मधील तरनचे चालणे त्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे.